सही करण्याआधी वाचा : रासायनिक कारखानदारांना जाहीर इशारा

हा इशारा लोटे परशुराम, महाड, रोहा आणि तारापूर इथल्या रासायनिक कंपन्यांच्या संचालक मंडळांना आहे. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला तो नाही, शिफ्ट इनचार्जला नाही, पर्यावरण विभागात पगारावर बसवलेल्या अधिकाऱ्यालाही नाही. कोणतं रसायन बनवायचं, कुठे बनवायचं, यंत्रं कुठून आणायची आणि सांडपाण्यावर किती खर्च करायचा, हे ज्यांच्या सहीने ठरतं त्यांनीच तो वाचावा. प्रत्येक कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात हा मजकूर टपालाने येईल आणि त्याची पोच आम्ही जपून ठेवू. उद्या ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे वाक्य कुणाला न्यायालयात वापरता येऊ नये, एवढ्यासाठी ही पोच.

मुदत ६० दिवसांची आहे. साठच का, ते पुढे सांगतो.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : पर्यावरणाचा हिशेब निर्णयाच्या आधी मांडा आणि तो मान्य करणाऱ्या संचालकाचं नाव त्याखाली लिहा. आज सगळं उलट्या क्रमाने चालतं. आधी उत्पादन ठरतं, मग क्षमता, मग भूखंड, मग बँकेचं कर्ज. सगळं पक्कं झाल्यावर एखादा सल्लागार बोलावून त्याच्याकडून ‘पर्यावरण व्यवस्थापन आराखडा’ लिहून घेतला जातो. हे वरातीमागून आलेलं घोडं. मग पाच जूनला रोपं लावायची, फोटो काढायचे, वार्षिक अहवालात शाश्वततेवर चार गुळगुळीत पानं घालायची. मूळ निर्णयातलं एक अक्षरही त्याने बदलत नाही.

या सवयीची किंमत काय असते, ते इटलीत नुकतंच दिसलं आहे. त्या प्रकरणाचा एक धागा थेट आमच्या खेड तालुक्यात येऊन पोहोचला आहे, म्हणून ते नीट सांगणं भाग आहे.

विचेन्झाचा निकाल

२६ जून २०२५ रोजी उत्तर इटलीतल्या विचेन्झा शहराच्या न्यायालयाने मितेनी या रासायनिक कंपनीच्या खटल्यात ११ जणांना दोषी ठरवलं. त्यांच्या शिक्षांची बेरीज १४१ वर्षं होते. टाक्या धुणारा कामगार त्यांत नव्हता. त्यांत कंपनीचे व्यवस्थापक होते आणि कंपनी ज्यांच्या मालकीची होती त्या मित्सुबिशी कॉर्पोरेशन आणि आयसीआयजी या उद्योगसमूहांशी संबंधित वरिष्ठ अधिकारीही होते. पाणी विषारी करणं आणि पर्यावरणाचं अरिष्ट घडवणं हे मुख्य गुन्हे. निकाल पहिल्या पायरीवरचा होता, अपिलाची वाट मोकळी होती. तरीही कोणत्याही संचालकाची झोप उडावी इतकं त्यात आहे.

मितेनीचा कारखाना विचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावात होता. १९६०च्या दशकापासून तिथे फ्लोरिनयुक्त रसायनं बनत. या रसायनांच्या मोठ्या कुळाला पीफास म्हणतात. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारं कापड, आग विझवायचा फेस, काही कीटकनाशकं आणि औषधं यांत ती वापरली जातात. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की ऊन, पाणी, जिवाणू यांपैकी कशानेही तो सहजी तुटत नाही. म्हणून त्यांना ‘कायमची रसायनं’ म्हणतात. २०१३ मध्ये त्या भागाच्या पिण्याच्या पाण्यात ती सापडली. विचेन्झा, वेरोना आणि पादोवा या तीन प्रांतांतली सुमारे साडेतीन लाख माणसं त्या टापूत राहतात. मुलांच्या रक्ततपासणीचे अहवाल हातात आल्यावर तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या आणि खटला उभा राहीपर्यंत मागे हटल्या नाहीत. कारखान्याखालचं पाणी बिघडल्याचं कंपनीला सल्लागारांच्या अहवालांतून फार आधी कळलं होतं आणि तिने ते प्रशासनाला सांगितलं नाही, हा सरकारी पक्षाच्या आरोपाचा गाभा होता. म्हणजे कपाटात ठेवलेले कंपनीचेच अहवाल शेवटी साक्षीला उभे राहिले.

२०१८ मध्ये मितेनी दिवाळखोरीत गेली. कारखाना बंद झाला, पाणी बिघडलेलंच राहिलं. नळाच्या पाण्याला कार्बनचे गाळणे बसवणं आणि दूरच्या स्वच्छ स्रोतांतून नवी जलवाहिनी आणणं यासाठी सार्वजनिक पैसा ओतावा लागला.

यंत्रसामग्री लिलावात निघाली. ती घेतली लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या मुंबईच्या कंपनीच्या व्हिवा लाइफसायन्सेस या उपकंपनीने, आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम वसाहतीत.

इथे एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवतो. लिलावात यंत्रं घेणं हा गुन्हा नाही आणि त्रिस्सिनोमध्ये जे घडलं ते लोट्यात घडलं आहे असा आरोप आम्ही करत नाही. हा इशारा एकट्या त्या कंपनीला नाही. आमचा प्रश्न या भागात फ्लोरिनयुक्त रसायनं बनवणाऱ्या, वापरणाऱ्या आणि साठवणाऱ्या प्रत्येक कंपनीला आहे : ही रसायनं हाताळायचं ठरलं त्या बैठकीत तुमच्यापुढे काय कागद होते? वाशिष्ठी, जगबुडी आणि दाभोळची खाडी यांचा उल्लेख त्यांत होता का? पर्यावरणाच्या बाजूने ‘नको’ म्हणायचा अधिकार त्या खोलीत कुणाला होता का?

‘सगळं नियमात आहे’ हे उत्तर चालणार नाही

तुमचं पहिलं उत्तर आम्हाला पाठ आहे. सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रात जातं, तपासणी होते, आकडे मर्यादेत आहेत. पण तपासता काय? पाण्याची आम्लता, तरंगता गाळ, बीओडी, सीओडी. पीफास या चाचण्यांत दिसत नाही. जे शोधलंच जात नाही ते ‘आढळलं नाही’ म्हणून अहवाल देणं ही कागदावरची हातचलाखी आहे. सामूहिक केंद्रातली जैविक प्रक्रिया सेंद्रिय घाण खाऊन टाकते, कार्बन-फ्लोरिनचा बंध तिला तोडता येत नाही. शिवाय एका कारखान्याचं असं पाणी इतर सगळ्यांच्या पाण्यात मिसळलं की ते विरळ होतं. संपत मात्र नाही. लोट्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी करंबवण्याच्या खाडीत सोडलं जातं. तिथून दाभोळपर्यंत दोन्ही काठांवर भोई आणि खारवी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आली आहेत.

दुसरं उत्तर : भारतात पीफाससाठी सांडपाण्याची बंधनकारक मर्यादाच नाही. खरं आहे. हे रसायन पाण्यात सापडलं तेव्हा इटलीतही ती नव्हती, तरी शिक्षा झाल्या. जगात काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक नाही असंही नाही. टिकाऊ घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीफास कुळातलं पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओए हे माणसात कर्करोग घडवणारं असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएससाठी मर्यादा ठरवली ती एक लाख कोटी भागांत चार भाग इतकी बारीक. ‘आम्ही ती नाही, नवी रसायनं बनवतो,’ असं म्हणणार असाल तर त्या नव्या रसायनांची विषारीपणाची माहिती लोकांपुढे ठेवा. जुन्यांबद्दलही एके काळी हेच सांगितलं जात होतं.

तिसरं उत्तर रोजगाराचं. ते ऐकूनच आमच्या बापजाद्यांनी जमिनी दिल्या. मितेनीच्या प्रकरणात या रसायनांचं रक्तातलं सर्वांत जास्त प्रमाण तिथल्या कामगारांत आढळलं, हे त्या उत्तराबरोबर सांगायला विसरू नका. कामगार आमच्याच घरातला आहे. रोजगाराचं नाव पुढे करून त्याला आमच्याविरुद्ध उभं करू पाहाल, तर आधी त्याच्या रक्ततपासणीचा अहवाल त्याच्या हातात द्या.

कायदा तुमच्या नावाने लिहिलेला आहे

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६(२) नुसार संचालकाने भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरणाचं संरक्षण यांसाठीही सद्‌भावनेने काम करायचं आहे. हे ऐच्छिक पुण्यकर्म नाही, संचालकाचं कर्तव्य आहे. नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला देऊन ते फिटत नाही. शाळेला संगणक दिल्याने खाडीचं पाणी स्वच्छ होत नाही.

१९७४च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्याच्या कलम ४७ नुसार कंपनीने गुन्हा केला तर त्या वेळी कामकाजाची जबाबदारी असलेली व्यक्ती दोषी धरली जाते. संचालकाची संमती किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर तोही. १९८६ मध्ये दिल्लीच्या श्रीराम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगाची जबाबदारी निरपवाद ठरवली आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी, असं सांगितलं. त्याच न्यायालयाच्या १९९६ च्या वेल्लोर निकालाने ‘प्रदूषण करणारा पैसे भरेल’ आणि ‘शंका असेल तिथे आधीच खबरदारी’ ही दोन्ही तत्त्वं देशाच्या कायद्याचा भाग केली.

हेही खरं की २०२३च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या गुन्ह्यांसाठी असलेला तुरुंगवास काढून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. तुमच्यातल्या काहींनी हा दंड उत्पादन खर्चात धरूनही टाकला असेल. त्यांनी पुढचा हिशेबही करावा. थ्रीएम या अमेरिकी कंपनीला पीफासपायी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांशी तडजोड करताना किमान १,०३० कोटी डॉलर कबूल करावे लागले. त्याच्या आधीच, डिसेंबर २०२२ मध्ये, २०२५ अखेर या रसायनांचं उत्पादन बंद करण्याचा निर्णय तिने जाहीर केला होता. जगातला एवढा मोठा खेळाडू ज्या धंद्यातून पाय काढतो, त्यात पाय ठेवणाऱ्याने भागधारकांना काय सांगितलं आहे?

जवळचं उदाहरण हवं असेल तर रत्नागिरीचंच घ्या. स्टरलाइटचा तांबं वितळवण्याचा कारखाना आधी रत्नागिरीत येणार होता, बांधकामही सुरू झालं होतं. बागायतदार आणि मच्छीमार उठले आणि १९९३ मध्ये काम थांबलं. कंपनीने जागा बदलली, तमिळनाडूत तुत्तुकुडीला गेली. निर्णयाची पद्धत बदलली नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला १०० कोटी रुपये भरायला लावले. २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १३ माणसं गेली, त्यानंतर कारखान्याला टाळं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढायला नकार दिला. कोकणाने दिलेला इशारा ज्यांनी ऐकला नाही त्यांचा हजारो कोटींचा कारखाना आज बंद उभा आहे. मेलेल्या माणसांचा हिशेब तर कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

मागण्या

१. पीफास किंवा फ्लोरिनयुक्त रसायनं बनवणाऱ्या, वापरणाऱ्या आणि साठवणाऱ्या प्रत्येक कंपनीने रसायनाचं नाव, वार्षिक प्रमाण आणि कचऱ्याची विल्हेवाट यांची माहिती मराठीत लिहून परिसरातल्या सर्व ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावी. ‘व्यापारी गुपित’ ही सबब खाडीत सोडल्या जाणाऱ्या पदार्थाला लागू नाही.

२. विहिरी, वहाळ, खाडीचं पाणी, गाळ आणि मासे यांची पीफाससाठी तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून करावी. नमुने ग्रामस्थांसमोर घ्यावेत, सीलबंद दुसरा नमुना ग्रामपंचायतीकडे राहावा. आजची स्थिती नोंदली गेली नाही तर उद्या ‘हे आधीपासूनच होतं’ म्हणायला तुम्ही मोकळे. ती वाट आम्ही बंद करतो आहोत.

३. अशा उत्पादनाचं सांडपाणी सामूहिक केंद्रात पाठवणं थांबवावं. त्याची प्रक्रिया कारखान्यातच वेगळी व्हावी. कार्बनचे गाळणे, रेझिन आणि आरओ ही रसायनं पाण्यातून वेगळी काढतात, नष्ट करत नाहीत. मागे उरलेला अर्क कुठल्या भट्टीत, किती तापमानाला जाळला जातो, याची नोंद जाहीर करावी.

४. कामगारांची, कंत्राटी कामगारांसह, रक्ततपासणी कंपनीच्या खर्चाने व्हावी आणि अहवाल थेट कामगाराला मिळावा.

५. नवं उत्पादन किंवा क्षमतावाढ मंजूर करण्यापूर्वी संचालक मंडळापुढे पर्यावरणाची लेखी टिपणी यावी. ‘हा प्रकल्प करायचा नाही’ हा पर्यायही तिच्यात तपासलेला असावा. टिपणीवर एका नामनिर्दिष्ट संचालकाची सही असावी आणि ती प्रसिद्ध व्हावी.

६. कारखाना बंद पडल्यावर जमीन आणि पाणी साफ करायला लागणारी रक्कम आजच वेगळ्या खात्यात ठेवावी आणि त्या खात्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हात लावता येऊ नये. दिवाळखोर कंपनीचं विष सरकारी तिजोरीने पुसायचं, हे विचेन्झात झालं. इथे होऊ देणार नाही.

७. वरच्या सहा गोष्टी पूर्ण होईपर्यंत अशा उत्पादनांची क्षमता एका किलोनेही वाढवू नये.

सरकारी यंत्रणांना

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ‘केंद्राने मानक दिलेलं नाही’ हे उत्तर आता बंद करावं. १९८६च्या पर्यावरण संरक्षण नियमांनी राज्य मंडळांना केंद्रापेक्षा कडक मानकं ठरवण्याचा अधिकार दिला आहे. संमतीपत्रात पीफासची अट घालायला दिल्लीच्या पत्राची गरज नाही. औद्योगिक वसाहतीतल्या अनेक प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळते. या रसायनांच्या बाबतीत ती सूट देऊ नये, सुनावणी गावात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सांगितलं होतं की चालू स्थितीतली प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा नसलेल्या उद्योगाला तीन महिन्यांनंतर चालू देऊ नये. तेव्हा तीन महिने पुरेसे होते. आज साठ दिवस कमी आहेत, असं कुणी म्हणू नये.

साठाव्या दिवसानंतर

‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे ठरलेलं वाक्य या इशाऱ्यात नाही. जलसमाधी नाही, आत्मदहन नाही. आम्हाला मरायचं नाही. मच्छीमारांनी नेटाने कागद लढवला तर काय होतं, हे तारापूरने दाखवलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात ९३.६९ गुणांसह ते देशातलं सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. त्याच्या दोन वर्षं आधीच, २०१६ मध्ये, मच्छीमारांची मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तिथल्या शंभरावर उद्योगांना भरपाई भरायचा आदेश दिला.

मुदत संपल्यावर आम्ही काय करू, ते क्रमाने ऐका.

जल प्रदूषण कायद्याच्या कलम ४९ नुसार कोणाही नागरिकाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला साठ दिवसांची नोटीस दिली की त्याला थेट न्यायालयात फिर्याद करता येते. मुदत साठ दिवसांची आहे ती या कलमामुळे. ती नोटीस या इशाऱ्याबरोबरच मंडळाकडे जाते आहे. फिर्याद झाल्यावर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागण्याचा हक्कही तेच कलम देतं.

त्याच आठवड्यात हरित लवादात अर्ज जाईल. त्यात कंपनीबरोबर संचालकांची नावं वेगवेगळी प्रतिवादी म्हणून असतील.

ज्या कंपन्या शेअर बाजारात नोंदल्या आहेत त्यांनी शाश्वततेच्या अहवालात काय लिहिलं आणि प्रत्यक्षात काय आहे, याचा तक्ता सेबीला, कर्ज देणाऱ्या बँकांना आणि परदेशी खरेदीदारांना पाठवला जाईल. युरोपातल्या पाच देशांनी जानेवारी २०२३ मध्ये पीफासच्या संपूर्ण कुळावर निर्बंधाचा प्रस्ताव ठेवला आहे. तिथल्या ग्राहकाला आमचं पत्र टोपलीत टाकणं परवडणार नाही.

परिसरातल्या ग्रामसभांमध्ये ठराव होतील आणि प्रत्येक ठराव अर्जाला जोडला जाईल.

हे सगळं थांबवायचा मार्ग एकच आहे. पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या आणि मंजूर ठरावाची प्रत आम्हाला पाठवा. फोनवरचं आश्वासन, मध्यस्थाकरवी आलेला निरोप, चहापानाची बैठक, मंदिराच्या सभामंडपासाठी देणगी, यांपैकी काहीही उत्तर म्हणून धरलं जाणार नाही. उत्तर लेखी हवं, मराठीत हवं आणि संचालकाच्या सहीचं हवं. साठाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते आलं नाही, तर तुमचं उत्तर ‘नाही’ आहे असं समजून एकसष्टाव्या दिवशी सकाळी आमचा वकील फिर्याद दाखल करेल.